'जॅक' म्हणजे नेमका कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतल्या 'जॅक' या टोपणनावाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी नावाची कुळी, मग त्यातून फुटलेले अर्थ आणि शेवटी तोतये, म्हणजे जॅकसारखे दिसणारे पण त्याच्याशी रक्ताचे नाते नसलेले शब्द. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जॅक हे कोणत्या नावाचे टोपणनाव आहे?

जॉनचे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जॉनचे उच्चार 'जॉन', 'जॅन' असे दोन्ही चालत. त्याला 'किन' हा लाडाचा प्रत्यय लागून 'जॅनकिन' झाले. हा प्रत्यय समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशातून, फ्लेमिश-डच बोलींतून आलेला. 'जॅनकिन'मधला न गळून 'जॅकिन' झाले आणि शेपूट तुटल्यावर 'जॅक' उरले. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचे ग्रंथपाल ई. डब्ल्यू. बी. निकल्सन यांनी १८९२ मध्ये जुन्या कागदपत्रांच्या आधारे ही वंशावळ मांडली आणि ती टिकली.

जॉनचे मूळ हिब्रू 'योहानान', अर्थ 'यहोवा कृपाळू आहे'. मराठी बायबलात हाच जॉन 'योहान' म्हणून भेटतो. ही खूणगाठ बांधून ठेवा, पुढच्या प्रश्नात लागेल.

२. जॉन आणि जॅक दोन्ही सारखेच आखूड. मग टोपणनाव करून फायदा काय?

टोपणनाव नेहमी आखूडच असते हा गैरसमज आहे. विठूचा विठोबा होतो तेव्हा नाव लांबते, छोट्या रामाचा 'राम्या' होतो तेव्हाही. जॅक आज जॉनएवढा दिसतो, कारण मधला लांब टप्पा, म्हणजे जॅनकिन, आपल्याला दिसत नाही. तो टप्पा आडनावांत मात्र जिवंत आहे: 'जेंकिन्स' हे आडनाव त्याच जॅनकिनचे, 'जॅक्सन' म्हणजे जॅकचा मुलगा आणि 'जॉन्सन' म्हणजे जॉनचा. अर्थाने ही तिन्ही एकाच घरातली.

३. फ्रेंच 'जाक'चाच जॅक झाला असे शाळेत ऐकले होते. खरे काय?

दिसायला तसे वाटते, पण फ्रेंच जाक हा 'याकोब'चा वंशज आहे. लॅटिन 'याकोबुस'पासून फ्रेंचमध्ये जाक झाला आणि इंग्रजीत जेम्स. थोडक्यात, जॅक योहानाच्या घरचा, जाक याकोबाच्या. दोघांचे आवाज जुळल्याने लोकांनी त्यांना भाऊ मानले, एवढेच.

गंमत बघायची तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावरचे जोडपे घ्या. जॉन फिट्झजेराल्ड केनेडी यांना घरचे लोक जॅक म्हणत आणि त्यांच्या पत्नी जॅकलिन यांना जॅकी. ऐकणाऱ्याला वाटावे एकाच नावाची जोडी. पण जॅकलिन हे फ्रेंच जाकचे स्त्रीरूप, म्हणजे ती याकोबाची आणि तो योहानाचा.

४. मग आपल्या वर्तमानपत्रांतला 'जॅक कॅलिस' कुठला?

तो याकोबाच्या घरचा. दक्षिण आफ्रिकेचा हा अष्टपैलू खेळाडू मुळात फ्रेंच स्पेलिंगचा 'जाक' आहे. मराठीत दोन्ही नावे सर्रास 'जॅक' अशीच छापली जातात, त्यामुळे घोटाळा होतो. याउलट इंग्लंडचा सलामीवीर जॅक हॉब्स हा अस्सल जॅक: पूर्ण नाव जॉन बेरी हॉब्स, ६१ कसोटी, ५,४१० धावा. फिरकीपटू जॅक लीच तिसऱ्याच तऱ्हेचा. त्याचे पहिले नाव मॅथ्यू, आणि जॅक हे मधले नाव कागदोपत्रीही आहे. म्हणून 'जॅक म्हणजे कागदावर जॉन' हे गृहीत धरू नका. याबद्दल प्रश्न १९ आणि २० पाहा.

५. 'निकनेम' या शब्दातला 'निक' कोण?

कोणीच नाही. जुन्या इंग्रजीत 'ईक' म्हणजे 'आणखी', 'जोडीला'. 'ॲन ईकनेम' म्हणजे आणखी एक नाव. बोलण्याच्या ओघात 'ॲन'चा न पुढच्या शब्दाला चिकटला, 'अ नेकनेम' झाले आणि त्याचे निकनेम. निकोलसचे 'निक' वेगळे. आपल्याकडचा 'टोपणनाव' हा शब्द वरून घातलेले नाव सांगतो, इंग्रजी शब्द जोडीचे नाव सांगतो.

६. एका माणसाचे नाव 'कोणीही माणूस' या अर्थाला कसे पोचले?

संख्येमुळे. चौदाव्या शतकात जॉन हे इंग्लंडमधले सर्वांत सर्रास पुरुषनाव होते. गावात हाक मारली 'जॅक' तर चार माना वळणार. असे नाव आपोआप 'कोणीतरी पोरगा' या अर्थाला पोचते. मराठीत सोम्या-गोम्याने जे काम केले ते तिकडे जॅकने केले. 'एव्हरी मॅन जॅक' म्हणजे झाडून सगळे.

त्यातही हा 'कोणीतरी' वरच्या थरातला नसे. इंग्रज कवी चॉसर याच्या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका कथाकाव्यात खिडकीशी आलेल्या नकोशा प्रियकराला बाई 'जॅक मूर्खा' म्हणून हाकलते, आणि त्या माणसाचे नाव जॅक नसते. १३८१ च्या शेतकरी उठावातला एक पुढारी जॅक स्ट्रॉ म्हणून ओळखला जातो, १४५० च्या बंडाचा म्होरक्या जॅक केड. खालच्या माणसाचे नाव बंडाला शोभून दिसते.

पुढे धंद्यांना तेच नाव चिकटले. लाकूडतोड्या 'लंबरजॅक', उंच मनोऱ्यांवर आणि धुराड्यांवर चढून डागडुजी करणारा 'स्टीपलजॅक', फिरता स्वस्त विक्रेता 'चीप जॅक', डांबराने माखलेल्या कपड्यांचा खलाशी 'जॅक टार'. थंडीलाही माणसाचे रूप देताना 'जॅक फ्रॉस्ट' केले.

७. 'जॅक द रिपर'चे खरे नाव जॅक होते का?

ते कोणालाच माहीत नाही, म्हणूनच जॅक. १८८८ च्या सप्टेंबरात, लंडनमध्ये बायकांचे खून पडत असताना, तिथल्या एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्राखाली ही सही होती. २५ सप्टेंबरची तारीख असलेले ते पत्र खुन्याचेच होते असे सिद्ध झालेले नाही. बातमीदाराची करामत असावी असा संशय तेव्हापासून आहे. नाव मात्र चपखल बसले, कारण निनावी माणसाला जॅक म्हणण्याची सवय भाषेला आधीच होती.

८. कोणाला 'जॅक' म्हटले तर तो अपमान का?

आज नाही, ते एक साधे, आवडते नाव आहे. शेक्सपिअरच्या काळात मात्र होता. 'रिचर्ड तिसरा' या नाटकात तक्रार अशी की प्रत्येक जॅक सरदार झाला आणि कित्येक सरदारांचे जॅक झाले. तिथे जॅक म्हणजे हलक्या कुळीचा. हा जुना दंश आजच्या वापरात दोनच ठिकाणी उरला आहे: गाढवाच्या नावात (प्रश्न १५) आणि अमेरिकन बोलीतल्या 'तुला जॅक कळत नाही' या वाक्यात, जिथे जॅक म्हणजे 'काडीचेही'. हे वाक्य एका शिवीचे आखूड रूप आहे, तेव्हा कार्यालयात वापरू नका.

९. पत्त्यातल्या गुलामाला इंग्रजीत जॅक का म्हणतात?

हे उत्तर जरा लांब आहे, कारण इथेच सगळ्या अर्थांची किल्ली आहे.

या पत्त्याचे जुने इंग्रजी नाव 'नेव्ह'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'मुलगा'; जर्मनमधला 'क्नाबे' त्याचा सख्खा भाऊ. मुलगा म्हणजे हरकाम्या पोरगा, हरकाम्या म्हणजे नोकर, आणि मालकाच्या नजरेतून नोकर म्हणजे लबाड, असा घसरत घसरत 'नेव्ह'चा अर्थ शेवटी 'ठक' झाला. आपला 'गुलाम' शब्द अरबी. त्याचाही मूळ अर्थ मुलगा, तरुण पोर. मग सेवक, मग दास. फ्रेंच पत्त्यांवर याच जागी 'वाले', म्हणजे खासगी नोकर, आणि जर्मन पत्त्यांवर 'बूबे', म्हणजे पुन्हा पोरगाच. राजा-राणीखालचा हा तिसरा माणूस कोण असावा याबद्दल वेगवेगळ्या भाषांचे असे एकमत आहे: घरातला पोऱ्या. इंग्रजीत अशा पोऱ्याचे सर्रास नाव काय? जॅक.

सतराव्या शतकात 'ऑल फोर्स' नावाच्या खेळात हुकमाच्या नेव्हला जॅक म्हणत. प्रतिष्ठित घरांत ते गावंढळ मानले जाई. डिकन्सच्या १८६०-६१ मधल्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीत श्रीमंत घरातली मुलगी लोहाराघरच्या मुलाला याच शब्दावरून हिणवते.

मग छपाईने निकाल लावला. १८६४ मध्ये सॅम्युएल हार्ट या अमेरिकन उत्पादकाने पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरे छापली, म्हणजे हातातले पान पंख्यासारखे किंचित उघडूनच ओळखता यावे. राजा म्हणजे 'के' आणि नेव्हची पहिली दोन अक्षरे 'के-एन'. हात घट्ट धरला तर दोन्ही पानांचा फक्त 'के' दिसे. त्यावर उपाय म्हणून 'जे' आला आणि गावंढळ नाव अधिकृत झाले. 'गुलामचोर' खेळताना जोडीविना उरलेल्या ज्या पानाने आपण चोर ठरतो, त्याच्या कोपऱ्यातला 'जे' हा असा आला.

१०. २८ आणि २९ या खेळांत तर गुलाम राजापेक्षा मोठा. ते कसे?

ते वेगळे घराणे आहे. युरोपातल्या 'यास' या डच वळणाच्या खेळांत हुकमाचा गुलाम सर्वांत वरचा असतो आणि आपल्याकडचे २८, २९ त्याच मांडणीचे. प्रत्येक गुलामाचे ३ गुण, नव्वीचे २, एक्का आणि दस्सीचा प्रत्येकी १, राजा-राणी शून्य. चार रंगांचे मिळून २८. २९ मध्ये शेवटच्या हाताचा १ गुण धरण्याची पद्धत होती, त्यावरून नाव. इथे गुलामाला मान आहे तो खेळाच्या नियमामुळे. 'जॅक' या नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

११. गाडी उचलण्याच्या यंत्राला माणसाचे नाव का?

कारण ते यंत्र माणसाच्या जागी आले. मोठ्या घरांच्या मुदपाकखान्यात चुलीसमोर मांसाची सळई फिरवत बसायला एक पोऱ्या लागे. ते काम वजनावर आणि दातेरी चाकांवर चालणारे यंत्र करू लागले, तेव्हा त्याला पोऱ्याचेच नाव मिळाले: रोस्टिंग जॅक. धुराड्यातल्या गरम हवेने पाते फिरवून चालणारा तो स्मोकजॅक. पायातून घट्ट बूट ओढून काढायचे काम नोकराचे. त्याऐवजी आलेली खाचेची फळी म्हणजे बूटजॅक. घड्याळाच्या मनोऱ्यातल्या, दर तासाला घंटेवर टोला देणाऱ्या बाहुल्यालाही जॅक म्हणतात. वेल्स कॅथीड्रलमधला जॅक ब्लँडिफर त्यातला प्रसिद्ध.

ओझे खालून उचलून धरणारे यंत्र याच रांगेतले. आधी दातेरी पट्टीचे, मग स्क्रूचे, आणि १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांना द्रवदाबावर चालणाऱ्या जॅकचे पेटंट मिळाले. ट्रकवाल्यांकडचा बाटलीसारखा जॅक हे त्याचेच रूप. मोटारीच्या डिकीत येतो तो बहुधा कात्रीसारखा उघडणारा स्क्रूचा जॅक. दोन्हींचा नियम एकच आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो: जॅक गाडी *उचलण्यासाठी* आहे, तिच्या खाली शिरून काम करताना *पेलण्यासाठी* नाही. त्यासाठी घोडी वेगळी लागते. पोऱ्याने हात दिला म्हणून त्याच्या डोक्यावर ओझे ठेवून जेवायला जाऊ नये.

१२. मराठीत 'जॅक लावला' म्हणजे वशिला. हा इंग्रजी अर्थ आहे का?

इंग्रजीत नाही. गाडीच्या जॅकवरून आपल्याकडे झालेली ही लक्षणा आहे: जे आपल्या बळाने हलत नाही ते खालून कोणीतरी उचलून देतो. लंडनच्या माणसाला 'मी जॅक लावून बदली करून घेतली' असे शब्दशः सांगितले तर त्याला पंक्चरची आठवण होईल. इंग्रजीत 'जॅक अप' म्हणजे भाव किंवा दर चढवणे, आणि 'जॅक इन' म्हणजे ब्रिटिश बोलीत काम वैतागून सोडणे. 'जॅक'पुढे 'ऑफ' आले तर अर्थ अश्लील होतो. चढवणे-उतरवणे अशी जोडी मनाने लावून इथे बरेच जण फसतात.

१३. हेडफोनची पिन की हेडफोन जॅक? बरोबर काय?

काटेकोर भाषेत भोक म्हणजे जॅक आणि त्यात शिरते ती पिन म्हणजे प्लग. आपल्याकडे दुकानात दोन्हींना जॅक म्हणतात आणि ब्रिटनमध्येही पिनेला 'जॅक प्लग' म्हणतात, त्यामुळे ऑनलाइन मागवताना चित्र पाहूनच मागवा.

नाव आले टेलिफोन एक्स्चेंजमधून. शिकागोच्या चार्ल्स स्क्रिबनर यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस बनवलेली जोडणीची कळ मिटवायच्या चाकूसारखी, म्हणजे जॅकनाइफसारखी दिसे. तिला 'जॅकनाइफ स्विच' म्हणू लागले आणि त्यातला पहिला भाग 'जॅक' तेवढा उरला. तिथला ६.३५ मिलिमीटरचा प्लग आजही गिटार आणि ॲम्प्लिफायरला चालतो, ३.५ मिलिमीटरचा त्याचा धाकटा भाऊ मोबाइलचा. पिनेवरचे काळे पट्टे मोजा: एक असेल तर एकच आवाजमार्ग, दोन असतील तर डावा-उजवा वेगळा, तीन असतील तर माइकही. आवाज येतो पण माइक चालत नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेकदा जुन्या आणि नव्या पद्धतीत माइक आणि अर्थिंग (जमिनीची जोडणी) यांच्या जागा उलट असतात. हेडफोन खराब झाला असे समजून फेकू नका.

१४. ब्रिटनच्या झेंड्याला 'युनियन जॅक' का? जेम्स राजावरून ना?

जेम्सची कथा लोकप्रिय आहे आणि सोयीचीही: १६०६ चा पहिला एकत्र झेंडा त्याच्याच हुकमाने झाला आणि लॅटिनमध्ये तो 'याकोबुस' अशी सही करी. पण सरळ उत्तर जहाजावर आहे. जहाजाच्या नाकाडावरच्या आखूड काठीवर लावायच्या छोट्या झेंड्याला खलाशी जॅक म्हणत. जॅक म्हणजे 'नेहमीपेक्षा लहान' हा अर्थ इतरत्रही दिसतो (प्रश्न १५).

यावरून एक हट्टी वाद निघतो: जमिनीवर असताना त्याला 'युनियन फ्लॅग'च म्हणायचे आणि जॅक फक्त जहाजावर. हा भेद पाळलाच पाहिजे असे नाही. १९०८ मध्ये ब्रिटिश संसदेत 'युनियन जॅक' हाच राष्ट्रध्वज मानावा असे सरकारतर्फे सांगितले गेले आहे. आजचे रूप, म्हणजे सेंट पॅट्रिकचा तांबडा तिरपा क्रॉस धरून, १८०१ चे.

१५. प्राण्यांच्या नावातला जॅक नर सांगतो की लहान?

दोन्ही, आणि कोणता कुठे ते पाहावे लागते. गाढवात तो नर: नर 'जॅक', मादी 'जेनी', त्यावरून 'जॅकॲस'. लांब कानांचा अमेरिकन जॅकरॅबिट हा ससा गाढवासारख्या कानांमुळे 'जॅकॲस रॅबिट' होता, मग मधला भाग गळला. पक्ष्यांत मात्र लहानपणा: 'जॅकडॉ' हा कावळ्याच्या कुळातला छोटा पक्षी, 'जॅक स्नाइप' ही पाणलाव्याची लहान जात. हिरवळीवरच्या 'बोल्स' खेळात ज्याच्याजवळ चेंडू न्यायचे तो इवलासा पांढरा चेंडूही जॅकच.

१६. 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स'ची पुढची ओळ स्तुतीची आहे असे फॉरवर्ड येते. खरे आहे?

नाही. 'सर्व धंद्यांतला जॅक' एवढाच भाग सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो आणि तो कौतुकाचाही असू शकतो. 'पण एकाचाही उस्ताद नाही' हे शेपूट बरेच नंतर, अठराव्या शतकात जोडले गेले. 'तरीही एकाच्या उस्तादापेक्षा बरा' ही तिसरी ओळ अलीकडची. तिला जुना आधार नाही. मूळ म्हण कापून लोकांची फसवणूक झाली वगैरे जे सांगतात ते उलटे आहे: म्हण कापली गेली नाही, वाढवली गेली.

याच कल्पनेचे लॅटिन रूप १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीनच्या नावावर छापलेल्या पुस्तिकेत आहे: 'योहानेस फॅक्टोटम', सगळे करणारा योहान. तो टोमणा तरुण शेक्सपिअरला होता असे मानतात. इथेही नाव योहानच, हे लक्षात घ्या.

१७. 'जॅकपॉट' आणि 'हायजॅक' यांत जॅक कुठून आला?

जॅकपॉट पोकरमधून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकन खेळात एक नियम असे: हातात किमान गुलामांची जोडी असल्याशिवाय डाव उघडता यायचा नाही. कोणाकडेच नसेल तर सगळ्यांनी पुन्हा पैसे टाकायचे आणि पाने नव्याने वाटायची. असे दोन-तीनदा झाले की मधली रास फुगे. त्या राशीचे नाव जॅकपॉट. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या जॅकपॉटमध्ये पत्ते नाहीत, लागोपाठच्या शर्यतींचे विजेते ओळखायचे असतात. पण न जिंकलेला पैसा पुढे साठत जातो ही कल्पना तीच.

हायजॅक हा १९२० च्या दशकातला, दारूबंदीच्या अमेरिकेत चोरट्या दारूचे ट्रक लुटण्याच्या काळातला शब्द. 'हात वर कर, जॅक' अशी लुटारूंची हाळी होती ही गोष्ट रंगतदार आहे, पुरावा मात्र तिच्यामागे नाही. 'कारजॅक' वगैरे शब्द यातूनच 'जॅक' सुटा करून बनवलेले.

१८. 'जॅकफ्रूट' म्हणजे जॅकचे फळ? जॅकेट, जॉकी, जॅकल यांचे काय?

एकेक घेऊ.

फणसात जॅक नाही. मल्याळममध्ये फणसाला 'चक्का' म्हणतात. मलबार किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजांनी त्याचे 'जाका' केले आणि इंग्रजांनी त्याला ओळखीचे नाव चिकटवले. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा यांच्या १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात नोंद आहे की मलबारात याला जाका म्हणतात आणि कानडी-गुजरातीत पनस. आपला फणस आणि कोंकणीतला पणस त्या दुसऱ्या, संस्कृत 'पनस'च्या घरचे. कापा-बरका असा भेद करणाऱ्यांना 'जॅकचे फळ' ऐकून हसू येणे साहजिक आहे.

जॅकल म्हणजे कोल्हा. संस्कृत 'शृगाल', फारसी 'शगाल', तुर्की 'चकाल' असा प्रवास करत तो इंग्रजीत पोचला. दारात आल्यावर जॅकच्या स्पेलिंगचा सदरा घातला एवढेच.

जॅकेटचे नाते आहे, पण याकोबाकडून. फ्रान्समध्ये शेतकऱ्याला सरसकट 'जाक' म्हणत. १३५८ चा तिथला शेतकरी उठाव म्हणूनच 'जाकरी'. त्या वर्गाच्या आखूड अंगरख्याला 'जाक' आणि त्याच्या लहान रूपाला 'जाकेत' हे नाव त्यावरून पडले असे मानतात. आपले 'जाकीट' तिथून इंग्रजीमार्गे आले, आणि येता येता बाह्या हरवून आले: मराठीत बिनबाह्यांचे ते जाकीट, बाह्यांचे ते जॅकेट. सोलापुरी चादरीवर नक्षी उठवणाऱ्या 'जकार्ड'चे नाव लिआँच्या जोझेफ-मारी जकार (१७५२-१८३४) यांच्या आडनावावरून, आणि त्या आडनावातही फ्रेंच जाकच आहे.

जॉकी मात्र अस्सल योहानाचा. जॅकचे स्कॉटिश रूप 'जॉक', त्याचे लाडाचे 'जॉकी'. आधी नुसता पोरगा, मग घोड्यांमागचा पोरगा, मग घोड्यांचा दलाल, आणि सतराव्या शतकात शर्यतीतला स्वार.

१९. जुन्या नोंदींत नातेवाईक किंवा सैनिक शोधताना 'जॅक' सापडत नाही. काय करावे?

खडकीच्या युद्धस्मशानभूमीत किंवा एखाद्या ब्रिटिश दप्तरात 'जॅक' शोधत असाल तर आधी 'जॉन' शोधा. घरच्या पत्रांत, फोटोमागे जॅक लिहिलेले असते. पलटणीच्या आणि चर्चच्या वहीत जॉन. क्रम असा ठेवा: जॉन, मग जॅक, मग जेम्स (जाक-जॅक गोंधळामुळे कधी कधी), मग नुसती आद्याक्षरे आणि आडनाव. आद्याक्षरात तिन्ही 'जे' असल्याने शेवटची पायरी बऱ्याचदा कामी येते. स्कॉटिश घराणे असेल तर पत्रांत 'जॉक' असू शकते.

अलीकडच्या नोंदींत उलटे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ ते २००८ या काळात मुलांच्या नावांत 'जॅक' पहिल्या क्रमांकावर होते. या पिढीचा जॅक जन्मदाखल्यावरही जॅकच असतो. त्याचा अर्ज भरताना 'पूर्ण नाव जॉन' असे परस्पर लिहू नका.

२०. ज्याचे नाव जॉन नाही तोही जॅक कसा होतो?

आवडीने, आवाजाने किंवा योगायोगाने. लेखक सी. एस. लुइस यांची नावे क्लाइव्ह स्टेपल्स. चार वर्षांचे असताना त्यांचा 'जॅक्सी' नावाचा कुत्रा मोटारीखाली गेला. त्यांनी जाहीर केले की आजपासून मी जॅक्सी, आणि जन्मभर मित्रांसाठी ते जॅक राहिले. मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी मूळचा विल्यम हॅरिसन. अलिबाबा कंपनीचे संस्थापक जॅक मा यांचे चिनी नाव मा युन; जॅक हे एका परदेशी पर्यटकाने दिलेले.

मुंबईचे उदाहरण तर घरचे आहे. जॅकी श्रॉफ यांचे नाव जयकिशन काकूभाई श्रॉफ. जयकिशन आणि जॅकी यांचा आवाज जवळचा, बस्स. १९८३ च्या 'हीरो'पासून तेच नाव पडद्यावर कायम झाले. इथे योहानही नाही आणि याकोबही नाही.

२१. नवा शब्द दिसला, त्यात 'जॅक' आहे. तो खरा की तोतया, हे घरी कसे ओळखावे?

आधी शब्दातला जॅक काढून त्या जागी 'पोऱ्या' घालून पाहा. 'बूट काढणारा पोऱ्या', 'लाकडे तोडणारा पोऱ्या' जमते, म्हणजे बहुधा खरा. 'पोऱ्या-फळ' जमत नाही. मग वस्तू कुठल्या देशातून आली ते पाहा: फळ, प्राणी, झाड उष्ण देशांतले असेल तर नाव तिकडचे असण्याची शक्यता जास्त. शेवटी स्पेलिंग. 'सी-के' नसेल आणि 'क्यू' असेल तर फ्रेंच जाककडे बघा. नुसता 'के' किंवा नुसता 'सी' असेल तर इंग्लंड सोडूनच द्या. या कसोटीवर जकरांडाचे झाड ब्राझीलला परत जाते आणि जकार्ता शहर जावा बेटावर. त्याचे जुने नाव 'जयकर्ता', म्हणजे जयकिशनमधला आणि जकार्तातला 'जय' एकच.